चर्चचं उन्हाळी शिबिर आणि फाटकाशी थांबलेली तेरा वर्षांची मुलं

पायरीवर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं आमच्या चर्चचं मुलांचं उन्हाळी शिबिर मी आणि आणखी चार-पाच जणी मिळून चालवतो. व्हीबीएस म्हणा, सुट्टीतली बायबल शाळा म्हणा, साचा तुम्हाला ठाऊक आहे. सकाळचे तीन तास, गाणी, गोष्ट, बायबलमधल्या वचनांचं पाठांतर, हस्तकला, खेळ, आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम. वय वर्षं पाच ते बारा.

हा बाराचा आकडा कोणी ठरवला ते आता कुणालाच आठवत नाही. नोंदणीच्या कागदावर तो छापलेला आहे आणि दर वर्षी आम्ही त्याच कागदाच्या झेरॉक्स काढतो.

मागच्या उन्हाळ्यात शिबिराच्या दुसऱ्या दिवशी मी फाटक लावायला गेले, तर एक मुलगा बाहेर उभा होता. सहा वर्षांचा असल्यापासून आमच्याकडे येणारा. धाकट्या बहिणीला सोडायला आला होता आणि परत गेलाच नव्हता. आत लहान गटाचं हातवारे करत गाणं चाललं होतं आणि बाहेर याचे ओठ हलत होते. सगळं पाठ होतं त्याला. मी म्हटलं, "अरे, आत ये की." तो म्हणाला, "मावशी, मला आता तेरा पूर्ण झाली." तक्रार नव्हती त्यात. नियम त्याला माहीत होता, एवढंच.

मी घाईत होते. तिसऱ्या गटाच्या कात्र्या सापडत नव्हत्या, हस्तकलेच्या ताई दोनदा हाक मारून गेल्या होत्या. "बरं, बहिणीला न्यायला ये मग वेळेवर," असं म्हणून मी फाटक लावलं.

ते मला वर्षभर टोचतंय. पावसाळा संपेपर्यंत तो मुलगा रविवारच्या उपासनेलाही यायचा बंद झाला. फाटकामुळेच झालं असं मी म्हणत नाही, या वयात पन्नास कारणं असतात. पण आमच्या पहिल्या वर्षीच्या शिबिराचा फोटो काढून बसले, तेव्हा त्यातली आज मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, दिसणारी मुलं एका हाताच्या बोटांवर मावली. आमचा तरुण संघ सोळाव्या वर्षी सुरू होतो. तेरा ते सोळा या मधल्या वर्षांसाठी आमच्याकडे काही म्हणजे काही नाही. आठ वर्षं आम्ही मुलाला "तू आमचा" म्हणतो आणि नेमका तो चाचपडायला लागतो तेव्हा त्याला रिकामं सोडतो.

तुमच्याकडे या मुलांचं काय करता? मोठ्या मुलांसाठी आणखी एक खेळांचा तास वाढवणं मला पुरेसं वाटत नाही. पण नेमकं काय हवं ते मला सुचत नाहीये. अनुभव असतील तसे लिहा, फसलेले प्रयोगही लिहा.


रविवारवर्ग

फसलेला प्रयोग आहे, तोच आधी सांगतो. आम्ही तेरा-चौदाच्या मुलांना 'मदतनीस' केलं. गळ्यात ओळखपत्र घातली, पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. मग पाच दिवस त्यांच्याकडून खुर्च्या उचलून घेतल्या, सतरंज्या अंथरून घेतल्या, पाण्याची पिंपं भरून घेतली. तिसऱ्या दिवशी नऊमधले दोघं उरले.

तेव्हा मी मुलांनाच दोष दिला होता. आजकालच्या मुलांना टिकून काम करता येत नाही वगैरे. आता कळतं, त्यांना आम्ही काम दिलंच नव्हतं. हमाली दिली होती. खुर्ची कुठे ठेवायची हेसुद्धा आम्हीच सांगायचो.


निळीशाई

छान धागा. मुलांच्या या कामाचा इतिहास मी थोडाफार वाचलाय आणि मला वाटतं तो इथे उपयोगाचा आहे.

१७८० मध्ये इंग्लंडातल्या ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्राच्या मालकाने रविवारची शाळा सुरू केली. रविवारच का? कारण तिथली गरीब मुलं आठवड्याचे सहा दिवस टाचण्यांच्या कारखान्यांत राबत होती. मोकळा दिवस तेवढाच. मुलं ज्या दिवशी मोकळी, तो दिवस त्याने धरला.

सुट्टीतल्या शाळेचंही तसंच. १८९४ साली अमेरिकेत इलिनॉयमधल्या होपडेल इथे एका शिक्षिकेला वाटलं की रविवारच्या तासाभरात बायबल शिकवून होत नाही. मग तिने उन्हाळ्यात चार आठवडे रोज वर्ग घेतले. चाळीस मुलं आली. वर्ग शाळेच्या इमारतीत आणि मधली सुट्टी शेजारच्या बागेत. आणि १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉज या बाईंनी जे केलं ते तर मला फार आवडतं. गरीब वस्तीतली पोरं रस्त्यावर हुंदडताना त्यांना दिसत होती. त्यांनी त्याच वस्तीजवळ दारूचा एक गुत्ता भाड्याने घेतला आणि तिथे शाळा भरवली! पोरं जिथे होती तिथे बाई गेल्या. पुढे रॉबर्ट बोव्हिल यांनी ही कल्पना उचलली तेव्हा शिकवायला कोण होते? धर्मशिक्षण घेणारे विद्यार्थी. म्हणजे हे काम तेव्हा स्वतः शिकत असलेल्या तरुणांच्या हाती सोपवलेलं होतं.

आणखी एक. १८६८ मध्ये वेल्सच्या लँडुडनो इथल्या समुद्रकिनाऱ्यावर जोसाया स्पायर्स यांनी वाळूत "देव प्रीती आहे" ही अक्षरं रेखली आणि खेळणाऱ्या मुलांना ती खड्यांनी सजवायला सांगितली. किनाऱ्यावरच्या बालसभांची सुरुवात अशी झाली. आपण असतो तर छापील फलक आधीच तयार करून नेला असता आणि मुलांना समोर बसवलं असतं. पायरीवरताई, तुमच्या तेरा वर्षांच्या मुलाला बहुतेक ते खडे हवे आहेत.


पेटीवादक

माझं वय सत्तरच्या पुढे आहे. उपासनेला मी पेटी वाजवतो, शिबिरातही गाण्याच्या तासाला बसतो. लहान तोंडी मोठा घास नाही, उलट मोठ्या तोंडी लहानसा अनुभव सांगतो.

तीन वर्षांपूर्वी एक चौदा वर्षांची मुलगी अशीच दाराशी घोटाळत होती. मी तिला म्हटलं, बाळ, माझ्या वहीची पानं उलटून देशील का, माझे हात गुंतलेले असतात. आता पान उलटणं सोपं वाटतं, पण ते वेळेवर उलटायला गाणं कुठवर आलंय ते कळावं लागतं. डोळा ओळीवर हवा आणि कान सुरावर. पहिल्या दिवशी तिने दोन वेळा घाई केली आणि मुलं मध्येच थांबली. ती रडवेली झाली. मी तिला घालवून दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवलं.

आज ती स्वतः वाजवते. तिसऱ्या रविवारी पेटी तिच्याकडे असते आणि मी पहिल्या बाकावर बसून ऐकतो. अधूनमधून चुकते. मंडळीने एकदाही मागे वळून बघितलं नाही, याचं मला फार समाधान आहे. चुकीला जागा ठेवली नाही तर या वयाची मुलं कामाला हातच लावत नाहीत.


दोनलेकरांचीआई

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे आणि जरा मनापासून म्हणायचं आहे.

माझी मोठी तेराची आहे. वरचे प्रतिसाद वाचून मला भीती वाटली की आता सगळी चर्चेस तिला कामाला जुंपणार. घरी ती धाकट्याला सांभाळते, शाळेत वर्गप्रमुख आहे. चर्चमध्येही तिने लहानांची ताईच व्हायचं का? तिला स्वतःला कुणाच्या तरी समोर बसून ऐकायचं असेल, विचारायचं असेल, तर ती जागा कुठली?

गेल्या वर्षी तिची आजी गेली. ती आजारी असताना माझ्या लेकीने रोज प्रार्थना केली होती. नंतर तिने वर्गात विचारलं, "मी एवढं मागितलं, मग आजी का गेली?" शिकवणाऱ्या ताई चांगल्या आहेत, मला त्यांच्याबद्दल राग नाही. पण त्या म्हणाल्या, "मोठी झालीस की कळेल," आणि पुढचं वचन पाठ करायला घेतलं. घरी येऊन लेक मला म्हणाली, "आई, त्यांना पण माहीत नाहीये का?"

मी तिला सांगितलं की मलाही पूर्ण माहीत नाही. त्या रात्री आम्ही दोघी खूप उशिरापर्यंत बोलत होतो.

शुभवर्तमानात येशूच्या जन्मकथेनंतर त्याच्या लहानपणाचा एकच प्रसंग येतो, लूकच्या दुसऱ्या अध्यायात. तेव्हा तो बारा वर्षांचा आहे आणि मंदिरात गुरुजनांमध्ये बसून काय करतोय, तर ऐकतोय आणि प्रश्न विचारतोय. आपल्या नोंदणीच्या कागदावरचा शेवटचा आकडाही बाराच. ज्या वयात तो प्रश्न विचारायला बसला, त्या वयात आपण मुलांना 'झालं तुमचं' म्हणतो. आधी त्यांच्या प्रश्नांना अर्धा तास द्या. कामं मग बघू.


मिणमिणता

दोनलेकरांचीआई यांना +१.


पायरीवर

दोनलेकरांचीआई, तुमचा प्रतिसाद मी काल रात्री दोनदा वाचला. धागा काढताना माझ्या डोक्यात 'त्यांना काय काम द्यावं' हेच होतं. तुमच्या लेकीचा प्रश्न मला विचारला असता तर मीही बहुधा पुढच्या वचनाकडे वळले असते. वेळापत्रक समोर असलं की तसंच होतं, पंधरा मिनिटांत गट बदलायचा असतो.

पेटीवादककाका, 'दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवलं' हे मी वहीत लिहून ठेवलंय.


ओसरी

आमचे हे चर्चचे पाळक (पास्टर) आहेत, त्यामुळे शिबिराची बरीचशी व्यवस्था माझ्याकडे असते. मुलांना जबाबदारी द्या हे सगळं मला मान्य आहे. पण कुणीतरी हेही लिहायला हवं म्हणून लिहिते.

तेरा-चौदा वर्षांचं मूल लहानांना कितीही छान सांभाळत असलं तरी ते मूलच आहे. 'एका खोलीत कायम दोन मोठी माणसं' हा नियम आपण पाळतो, त्या दोघांत त्याला मोजायचं नाही. लहान मुलांना स्वच्छतागृहात नेण्याचं काम त्याला द्यायचं नाही. त्याला एकट्याला लहान गटाबरोबर बंद खोलीत ठेवायचं नाही. हे त्याच्यावर अविश्वास म्हणून नाही, त्याच्याही रक्षणासाठी आहे. नोंदणीचा कागद त्याचाही भरून घ्यायचा, पालकांची सही, औषधं, कशाची ॲलर्जी असेल तर ती, न्यायला कोण येणार, सगळं. 'मदतनीस' म्हटलं की हा कागद भरायचा राहतो. आमच्याकडे एकदा राहिला होता. एका मुलाला खेळताना दम्याचा त्रास सुरू झाला आणि त्याच्या घरचा नंबर कुणाकडेच नव्हता. सुदैवाने त्याचा पंप त्याच्या दप्तरात सापडला. ती दहा मिनिटं मी विसरणार नाही.

फोनचंही ठरवून घ्या. मोठी मुलं लहानांचे फोटो काढतात आणि निरागसपणे कुठेही टाकतात. आमच्याकडे फोटो एकच व्यक्ती काढते, तेही पालकांनी होकार दिलेल्या मुलांचे. मोठ्या मुलांशी निरोपानिरोपी करायची तर गटात त्यांचे पालक आणि आणखी एक मोठं माणूस असलंच पाहिजे. कुठल्याही काकांनी, ताईंनी मुलाला एकट्याला मेसेज करायचा नाही, अगदी वचन पाठवायलाही नाही.

"आपली मंडळी म्हणजे घरच, इथे कसले नियम" असं म्हणणारे प्रेमाने म्हणतात. मार्कच्या दहाव्या अध्यायात शिष्य लेकरांना अडवतात तेव्हा येशू रागावतो. लेकरांना जवळ येऊ द्यायचं तर ती जागा सुरक्षित ठेवणं हे आपलं काम आहे.


तिसराबाक

नोकरीनिमित्त दोन वर्षं इटलीत होतो, तिथलं पाहिलेलं सांगतो. तिथे पॅरिशच्या, म्हणजे त्या-त्या भागातल्या चर्चच्या, आवारात मुलांसाठी 'ओरातोरिओ' असतो. मैदान, एखादी मोठी खोली, बाजूला चर्च. डॉन बॉस्को यांनी तुरिनमध्ये १८४१ साली कामाच्या शोधात शहरात आलेल्या, कुणी वाली नसलेल्या पोरांसाठी असंच काम सुरू केलं होतं, त्यामुळे त्यांचं नाव तिथे सगळ्यांच्या तोंडी. जूनमध्ये शाळा सुटल्या की तिथे उन्हाळी शिबिरं भरतात, त्याला 'ग्रेस्ट' म्हणतात. आपल्यासारखी पाच दिवस तीन तास नाहीत. कित्येक आठवडे, बऱ्याच ठिकाणी दिवसभर. आईबाप दोघंही कामावर जात असतील तर मुलं सुरक्षित कुठे राहणार, या प्रश्नाला मिळालेलं ते उत्तर आहे. २००३ मध्ये तिथल्या संसदेने ओरातोरिओंच्या सामाजिक कामाला मान्यता देणारा कायदाही केला.

आता धाग्याच्या मुद्द्याचं. ही शिबिरं किशोरवयीन मुलंमुली चालवतात, त्यांना 'आनिमातोरी' म्हणतात. वर मोठी माणसं असतातच. पण खेळ निवडणं, गट सांभाळणं, भांडणं मिटवणं हे चौदा-सतराची मुलं करत होती. मी राहायचो तिथल्या पॅरिशमध्ये दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, शिबिराच्या आधी कित्येक आठवडे त्यांचं प्रशिक्षण चाललं होतं. लहान मूल रुसलं तर काय करायचं, कुणी एकटं पडलंय हे ओळखायचं कसं, खेळ फसला तर काय. दोन, रोज मुलं घरी गेल्यावर ही सगळी गोल करून बसायची आणि आजचा दिवस कसा गेला ते बोलायची. कुणाला राग आला, कुणाचं काय चुकलं. तिथले फादर जवळजवळ गप्पच असायचे.

दोनलेकरांचीआई म्हणतात ती बोलण्याची जागा मला त्या गोलात दिसली. दिवसभर लहानांबरोबर राहिल्यावर प्रश्न आपोआप निघत होते. काम आणि बोलणं वेगळं काढायची गरज पडत नव्हती.

फिनलंडमध्येही असंच आहे, असं सहकाऱ्याकडून ऐकलं आणि मग वाचलं. तिथे पंधराव्या वर्षाच्या आसपास बहुतेक मुलं दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर मोठेपणी विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, शिबिराला जातात आणि त्यातली काही पुढे प्रशिक्षण घेऊन नंतरच्या शिबिरांत लहानांची सोबती म्हणून परत येतात. त्यांना 'इसोनेन' म्हणतात. शिबिर संपलं की पुढची पायरी तयार असते.


शेजारीण

मी ख्रिस्ती नाही, तरी लिहू का? माझी दोन्ही मुलं घराजवळच्या चर्चच्या शिबिराला चार वर्षं जातात.

पाठवते त्याचं कारण सांगते. पहिल्या वर्षी तिथल्या ताई घरी आल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, "आम्ही बायबलमधल्या गोष्टी सांगतो, प्रार्थना करतो, ख्रिस्ती गाणी म्हणतो. तुम्हाला चालणार असेल तरच पाठवा. कधीही येऊन मागे बसा." पाच दिवसांच्या गोष्टींचा कागदही दिला. मी दोन दिवस मागे बसले. त्यांनी सांगितलं होतं तेच आणि तेवढंच होतं. त्यानंतर मला कधी जावं लागलं नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी, नाव घेत नाही, याच्या उलट अनुभव आला होता. पत्रकावर फक्त 'खेळ आणि हस्तकला' होतं. तिथे माझ्या मुलाला सगळ्यांसमोर हात वर करून कसला तरी निर्णय सांगायला लावलं. सात वर्षांचा होता. सगळ्यांनी केलं म्हणून त्यानेही केलं आणि रात्री मला विचारत बसला की मी काही चुकीचं केलं का. मी दुसऱ्या दिवसापासून पाठवणं बंद केलं. गोष्टींवर माझा आक्षेप नव्हता. मला विचारलं नव्हतं, हे लागलं.

तुमच्या तेरा वर्षांच्या प्रश्नाबद्दल: माझा मोठाही यंदा तेरा होतोय. परवाच म्हणाला, "आई, आता मला बोलावणार नाहीत ना?" बोलावलं तर तो येईल. लहानांच्या खेळाचं मैदान आखायला त्याला फार आवडेल, चुना टाकून अगदी सरळ रेघा मारतो.


रविवारवर्ग

शेजारीणताई, लिहिलंत हे फार बरं झालं. असा पाच दिवसांचा कागद आम्हीही देत नाही. यंदापासून देऊ.

आता एक वादाचा मुद्दा. शेवटच्या दिवसाचा कार्यक्रम बंद करावा असं माझं ठाम मत झालंय. तिसऱ्या दिवसापासून आम्ही शिकवत नाही, तालीम घेतो. रांग सरळ कर, मोठ्याने म्हण, तू मागे जा. कुणी काही विचारलं तर "आत्ता नको." दोनलेकरांचीआईंच्या लेकीला उत्तर द्यायला वेळ नव्हता तो कुठे गेला असेल, मला अंदाज आहे. त्यापेक्षा शेवटच्या दिवशी पालकांना सकाळीच बोलवा आणि नेहमीचा दिवस चालतो तसा बघू द्या.


पेटीवादक

असहमत. माझ्या ओळखीच्या दोन आज्या वर्षातून त्या एका कार्यक्रमासाठी चर्चच्या पायऱ्या चढतात. तालमीचा वेळ कमी करा, कार्यक्रम राहू द्या. बेसूर म्हटलं तरी आज्यांना चालतं.


रविवारवर्ग

बरं काका, तालीम फक्त शेवटच्या सकाळी, तेवढ्यावर तडजोड करू.


मिणमिणता

वर +१ देऊन गेलो होतो, आता सविस्तर लिहितो. मी एकोणीस वर्षांचा आहे आणि फाटकाबाहेरचा मुलगा होतो. चर्च वेगळं असेल, बाकी सगळं तेच.

बाराव्या वर्षापर्यंत पाठांतरात पहिला यायचो. मग एका वर्षी मी कुणीच नव्हतो. मोठ्यांच्या उपासनेत बसायचो, माझ्याशी कुणी बोलायचं नाही. बोललं तर "किती उंच झालास" एवढंच. मीही दोन वर्षं गेलो नाही.

परत आलो ते कार्यक्रमामुळे नाही. मंडळीतले एक काका होते, माझ्या घरच्यांच्या ओळखीचेसुद्धा नव्हते. मी जायचा बंद होण्याच्या आधी त्यांनी एकदा माझी सायकल बघितली होती, चेन सारखी उतरायची. त्यानंतर रस्त्यात भेटले की विचारायचे, "चेन काय म्हणते?" दोन वर्षांत कधी "चर्चला का येत नाहीस" म्हणाले नाहीत. चेनबद्दलच विचारायचे. एक दिवस मी म्हटलं, गिअरची केबल तुटली आहे. ते म्हणाले, "रविवारी उपासनेनंतर आवारात घेऊन ये, माझ्याकडे पाने आहेत." मी उपासनेनंतर जाणार होतो. थोडा लवकर पोचलो, म्हणून आत जाऊन बसलो.

शिबिर पाच दिवसांचं असतं. उरलेल्या वर्षात कुणाला माझं काय चाललंय हे माहीत असणं मला जास्त उपयोगी पडलं. तुम्ही तेरा वर्षांच्या मुलांना आनिमातोरी करा, गोल करून बसवा, सगळं करा. पण शिबिर संपल्यावर प्रत्येकाचं नाव मंडळीतल्या दोन मोठ्या माणसांनी लक्षात ठेवायचं असंही ठरवा. ओसरीताईंचे नियम पाळून, म्हणजे उघड्यावर, सगळ्यांसमोर, घरच्यांना माहीत असताना. काकांनी माझी सायकल भर आवारातच दुरुस्त केली होती.


शांतकोपरा

एवढा मोठा धागा वाचला आणि राहवलं नाही.

माझ्या आठ वर्षांच्या मुलाला मोठा आवाज सहन होत नाही. ढोलकी आणि टाळ्या सुरू झाल्या की तो कान दाबून बाहेर पळतो. दोन वर्षं मी शिबिराला पाठवलंच नाही. मागच्या वर्षी तिथल्या ताई म्हणाल्या, पाठवा, आपण काहीतरी करू. त्यांनी एका चौदा वर्षांच्या मुलीला एवढंच सांगितलं की गाण्याच्या वेळी तू याच्याबरोबर बाहेर ओट्यावर बस, सगळ्यांना दिसाल अशा जागी. ती बसली. पाचही दिवस. पहिल्या दोन दिवसांत दोघं एक शब्द बोलले नाहीत, मुंग्यांची रांग बघत होते. चौथ्या दिवशी आतून गाणं आलं तेव्हा तो तिच्याकडे बघून हळूच पुटपुटायला लागला, आणि तीही तितक्याच हळू आवाजात.

एवढा धीर माझ्याकडे नाही, मी त्याची आई असून. आम्हा मोठ्यांना सतत वाटतं की त्याला आत न्यायला हवं. तिला तसं वाटलं नाही.


पायरीवर

आठवडाभर उत्तर दिलं नाही त्याबद्दल माफ करा, मधे कमिटीची सभा होती. झालं ते सांगते.

नोंदणीचा कागद नवा टाइप केला. वयाच्या जागी दोन चौकोन आहेत, पाच ते बारा आणि तेरा ते पंधरा. दुसऱ्या चौकोनातल्यांसाठी शिबिराच्या आधीचे तीन शनिवार तयारीला ठेवलेत. मुलांशी कसं बोलायचं, खेळ कसा मांडायचा. ओसरीताईंनी लिहिलेलं जवळजवळ जसंच्या तसं नियमांत घेतलंय. रोज मुलं गेल्यावर पाऊण तास ही मुलं आणि आम्ही दोघीजणी बसणार, त्यातला अर्धा तास फक्त त्यांच्या प्रश्नांचा. कमिटीत एकाने विचारलं, उत्तर येत नसेल तर काय करायचं? पाळकसाहेबच म्हणाले, येत नाही म्हणून सांगायचं आणि तरी बसून राहायचं.

दोन मोठ्या माणसांनी नाव लक्षात ठेवायच्या सूचनेवर मात्र सभा अडली. बऱ्याच जणांना ती देखरेख वाटली. ते अजून ठरलेलं नाही. मिणमिणता, तुमचा सायकलचा प्रसंग मी वाचून दाखवला, त्यानंतर दोन जणांनी सभा संपल्यावर येऊन आपली नावं दिली. सध्या तेवढंच. तालीम फक्त शेवटच्या सकाळी, हे एकमताने मंजूर झालं.

आणि काल मी त्या मुलाच्या घरी गेले. त्याची आई आणि आम्ही दोघं ओसरीत बसलो. मागच्या वर्षी मी फाटक लावलं ते चुकलं, असं त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. मग मी नवा कागद पुढे केला आणि तिन्ही शनिवारांबद्दल सांगितलं. त्याने तो सगळा वाचला, मागची बाजूही. मग विचारलं, "हस्तकलेचं सामान कोण बघणार?"

मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

"मावशी, तिसऱ्या गटाच्या कात्र्या कपाटात नसतात. व्यासपीठामागच्या खोलीत निळ्या डब्यात असतात. लहान मुलांच्या हाताला लागू नयेत म्हणून आम्हीच ठेवल्या होत्या, शेवटच्या वर्षी."

कागद त्याने ठेवून घेतला आहे. पहिल्या शनिवारी यायचं की नाही ते कळवतो म्हणाला.